सात ठरले, तीन झाले: सीमाभागातल्या एका हौशी नाट्यसंस्थेचे वर्ष

एप्रिल २०२४ ते मार्च २०२५ या वर्षात बेळगाव जिल्ह्यातल्या एका हौशी मराठी नाट्यसंस्थेने एका दोन अंकी नाटकाचे सात प्रयोग ठरवले. झाले तीन. बुडालेल्या चारही प्रयोगांची कारणे बाहेरची होती आणि खरी होती. वार्षिक सभेत हिशेब मांडला तेव्हा मात्र दुसरीच गोष्ट पुढे आली. तारखा हातच्या जाणे टाळता आले नसते, पण गेलेल्या तारखेच्या जागी दुसरी तारीख उभी करता येणार नाही, हे संस्थेने जूनमध्ये स्वतःच्याच हाताने ठरवून ठेवले होते. गाव, संस्था, नाटक आणि माणसे यांची नावे इथे दिलेली नाहीत.

पार्श्वभूमी

संस्था तालुक्याच्या गावची, कर्नाटक संस्था नोंदणी कायदा १९६० खाली नोंदवलेली, वर्षाला एक नाटक बसवणारी. सभासद ३४. त्यांत शिक्षक आहेत, एक शिंपी आहे, बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्रीत पाळीवर जाणारे तिघे आहेत आणि निम्म्याहून अधिक घरांत भाताची शेती आहे. वर्षाच्या सुरुवातीला बँकेत १,१०,००० रुपये होते.

या भागात नाटकाला प्रेक्षक दोन जागी मिळतो. एक बेळगाव शहरात: टिळकवाडी, शहापूर, वडगाव, अनगोळ इथून तिकीट काढून येणारा, बहुतेक पन्नाशीच्या पुढचा. दुसरा गावच्या यात्रेत. बेळगाव आणि खानापूर तालुक्यांतल्या कितीतरी गावांत यात्रेला नाटक ठेवण्याची रीत आहे. गावची कमिटी ठरावीक रक्कम देते, तिला सगळे सुपारीच म्हणतात, आणि प्रेक्षक सतरंजीवर फुकट बसतो. शहरातला प्रयोग नाव मिळवून देतो, सुपारीचा प्रयोग पोट भरतो. हे संस्थेतल्या जुन्या लोकांना पक्के ठाऊक होते, पण नियोजनाच्या कागदावर ते कुठेच उतरले नाही.

निवडलेले नाटक एका वाड्याच्या वाटणीचे. पात्रे ११, दोन अंक मिळून २ तास १० मिनिटे, मध्यंतर १५ मिनिटांचे. लेखक हयात असल्याने प्रत्येक प्रयोगामागे २,००० रुपये मानधन आणि लेखी परवानगी, हे सुरुवातीलाच नीट झाले होते.

ठरलेले प्रयोग असे: ५ नोव्हेंबरला बेळगावात शुभारंभ, नोव्हेंबरअखेर कोल्हापुरात केशवराव भोसले नाट्यगृहात एक, २८ डिसेंबरला पुन्हा बेळगाव, १८ जानेवारीला खानापूर तालुक्यातल्या एका गावात सुपारी, २३ फेब्रुवारीला गडहिंग्लज, मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आणखी एका गावची यात्रा आणि २२ मार्चला निपाणी.

अडचण कुठे सुरू झाली

नाटकाचे नेपथ्य जूनमध्ये दिग्दर्शकाने आणि एका अनुभवी सुताराने मिळून आखले. ओसरी, माजघराचे दार, चार पायऱ्यांचा जिना आणि वर माडीची खिडकी. एकूण २४ फूट रुंद, १८ फूट खोल. भिंतींसाठी ४ × १० फुटांचे १६ फ्लॅट, म्हणजे उचलून नेता येणाऱ्या सुट्या भिंती, ६ मिलिमीटर प्लाय आणि त्यामागे दोन बाय एक इंची लाकडी चौकट. खर्च ९६,००० रुपये. देखणे होते, यात शंका नाही. पडदा उघडल्यावर ओसरीच्या खांबावर पडणारा संध्याकाळचा तिरका उजेड पाहून प्रेक्षकांतून आलेला हुंकार अनेकांच्या लक्षात आहे.

अडचण मापात होती. बाजारात प्लाय ८ × ४ फुटांचा मिळतो. १० फुटी फ्लॅट करायचा तर वर दोन फुटांचा तुकडा जोडावा लागतो आणि तो सांधा हाच त्या फ्लॅटचा सर्वांत दुबळा भाग. एका फ्लॅटचे वजन २२ किलोच्या आसपास. दोघांनी उचलताना मधे जरा पीळ बसला की सांधा चिरतो. वाहतुकीचेही तसेच. सात फुटांच्या आसपास हौदा असलेल्या छोट्या हत्तीत (टाटा एस) १० फुटी फ्लॅट मावत नाही, चारशे सात (टाटा ४०७) लागते, आणि लेव्हल (रंगमंचावरचे उंच चौथरे), जिना, खांब धरून दोन गाड्या होतात. उभारणीला सहा माणसे आणि सहा तास. सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे गावच्या मांडवात पत्र्याखाली जेमतेम नऊ फूट उंची असते. सातांपैकी दोन प्रयोग अशा मांडवात होणार होते, आणि मांडवाचे माप घ्यायला जूनमध्ये कोणी गेले नाही.

तालमींबद्दल थोडक्यात. जून-जुलैत रोपलावणी, संततधार पाऊस, वीज जाणे-येणे. आठवड्याला तीन तालमींच्या जागी दीड व्हायची. ७ ते १७ सप्टेंबर गणपतीत गेले. हे दरवर्षीचेच आहे आणि त्यात नुकसान फार नव्हते. एक गोष्ट मात्र सांगण्याजोगी. कन्नड माध्यमात शिकलेली दोन तरुण मुले देवनागरी अडखळत वाचत. दिग्दर्शकाने त्यांच्याकडून संहिता वाचून घेण्याचा आग्रह धरला आणि त्यात दोन आठवडे गेले. मग एकाने आपली वही दाखवली: मराठी संवाद, पण सगळे कन्नड अक्षरांत. कन्नड लिपीत ऱ्हस्व आणि दीर्घ ‘ए’-‘ओ’ वेगळे लिहिता येतात, त्यामुळे कुठला स्वर ताणायचा हे त्या वहीत देवनागरी संहितेपेक्षा स्पष्ट होते. त्यानंतर दोघांनाही तीच वही वापरू दिली आणि आठ दिवसांत त्यांचे पाठांतर सगळ्यांच्या पुढे गेले. सीमाभागातल्या दिग्दर्शकांनी ही वाट पहिल्या दिवसापासून मोकळी ठेवावी.

८ ऑगस्ट आणि त्यानंतरचे आठवडे

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह आगीत जळाले. शाहू महाराजांनी १९१५ साली उभारलेले हे थिएटर म्हणजे बेळगावच्या कलाकारांनाही आपलेच घर. केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री ते गेले. संस्थेत दोन दिवस तालीम झाली नाही.

कोल्हापूरचा प्रयोग गेला, एवढीच नोंद त्या आठवड्याच्या इतिवृत्तात आहे. वर्षातली सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत स्वस्त संधी त्याच आठवड्यात होती. सुताराला फक्त १०,००० रुपये उचल दिली होती, लाकूड कापले गेले नव्हते, तो गणपतीनंतर काम सुरू करणार होता. इतक्या खोलीच्या रंगमंचावरचे तीन प्रयोग आता दोनवर आले होते. नेपथ्य आठ फुटांत बसवून पुन्हा आखायला एक संध्याकाळ पुरली असती. एका सभासदाने तसे सुचवलेही. उत्तर मिळाले की बेळगावचे दोन प्रयोग तरी मोठ्या रंगमंचावर आहेत ना, आणि आखणी आधीच मंजूर झाली आहे. दुःखाच्या भरात कोणाला मोजपट्टी काढावीशी वाटली नाही, हे समजण्यासारखे आहे. पण गणपतीपर्यंतचा वेळ हातात होता.

५ नोव्हेंबर

विष्णुदास भाव्यांनी ५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीत सीतास्वयंवराचा खेळ केला, म्हणून हा दिवस मराठी रंगभूमी दिन. त्याच साली याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला अण्णासाहेब किर्लोस्करांचा जन्म झाला. शुभारंभ याच दिवशी व्हावा असे सगळ्यांना मनापासून वाटले, म्हणून तारीख आधी ठरली आणि वार नंतर पाहिला गेला. मंगळवार होता. भाऊबीज ३ तारखेला झालेली, घरोघर पाहुणे परतीच्या वाटेवर, दिवाळीत खिसे रिकामे झालेले.

प्रेक्षक २६८. दोनशे रुपयांची १४५ आणि शंभराची १२३ तिकिटे, जमा ४१,३०० रुपये. ५०० रुपयांपर्यंतच्या नाटकाच्या तिकिटावर जीएसटी नाही, तो प्रश्न आला नाही. नाट्यगृहाच्या भाड्यावर मात्र १८ टक्के लागला: २२,००० चे २५,९६० झाले. प्रकाश आणि ध्वनी १६,०००, गाड्या आणि हमाली ९,५००, रंगभूषा ४,५००, लेखक २,०००, तिकिटे-जाहिरात ६,०००, २८ जणांचे जेवण ४,२००. एकूण ६८,१६०. तूट २६,८६०. जाहिरातीत एक रक्कम दुप्पट गेली: फलकांवर ६० टक्के कन्नड असण्याचा नियम २०२४ मध्ये कडक झाला आहे आणि पहिला फलक फक्त मराठीत छापला होता.

प्रयोग उत्तम झाला. सभागृहातून बाहेर पडणारे लोक थांबून बोलत होते. आणि याच यशाने नेपथ्याला हात लावायची कोणाची छाती होईना.

डिसेंबरची तारीख आणि समोरचे पर्याय

९ डिसेंबरपासून बेळगावात विधिमंडळाचे अधिवेशन होते. त्या दिवसांत बंदोबस्त, जमावबंदी आणि परवानग्यांची ओढाताण असते, म्हणून संस्थेच्या समितीने ते दहा-बारा दिवस टाळले, हे बरोबर केले. २६ आणि २७ डिसेंबरला १९२४ च्या बेळगाव काँग्रेस अधिवेशनाची शताब्दी होती, शहरभर रोषणाई होती, माणसे बाहेर पडणार होती. म्हणून २८, शनिवार. तारीख खरोखरच विचारपूर्वक निवडली होती.

२६ च्या रात्री माजी पंतप्रधान मनमोहन सिंग यांचे निधन झाले आणि सात दिवसांचा दुखवटा जाहीर झाला. २७ ला सकाळी समिती बसली. खासगी प्रयोगाला कायद्याने मज्जाव नव्हता. तरी शताब्दीचाच मेळावा रद्द झालेल्या शहरात नाटकाचा पडदा उघडणे कोणालाच योग्य वाटले नाही. प्रयोग थांबवला. हा निर्णय बरोबर होता.

चुकले ते पुढचे. नाट्यगृहाने ११,००० ची आगाऊ रक्कम तीन महिन्यांत वापरण्याची मुभा दिली, पण मोकळे दिवस होते सोमवारचे किंवा मार्चमधल्या परीक्षांच्या काळातले. ते वापरता आले नाहीत. जाहिरातीचे ६,००० आणि प्रकाशवाल्याची ५,००० ची उचल गेली. एकूण २२,०००.

३० डिसेंबरच्या बैठकीत चार पर्याय निघाले. पहिला, उरलेले प्रयोग थांबवून शिल्लक राखायची. दुसरा, देणगीदार गाठून एप्रिलनंतर शहरात पुन्हा तारीख घ्यायची. तिसरा, मोठे नाटक बाजूला ठेवून एक एकांकिका बसवायची. खर्च कमी, पण सहा आठवडे नव्याने तालीम. चौथा, नेपथ्य सोडून देऊन काळ्या पडद्यांवर हेच नाटक गावोगाव न्यायचे. चौथ्या पर्यायावर चर्चा झाली पाच मिनिटे. ‘एवढे ९६ हजार घातले आणि ते ठेवायचे गोदामात?’ या एका वाक्याने ती संपली. गेलेला पैसा पुढच्या निर्णयात धरायचा नसतो, हे दुकान चालवणाऱ्या सभासदालाही त्या दिवशी सुचले नाही. ठरले असे, की १८ जानेवारीचा प्रयोग पूर्ण नेपथ्यासह करायचा.

१८ जानेवारी: करवत

दोन गाड्या साडेबाराला गावात पोचल्या. पहिला फ्लॅट उभा केला तो मांडवाच्या आडव्या वाशाला अडला. फ्लॅट तिरके लावावेत तर दारे बसेनात. दोन वाजता सुताराने गावातूनच करवत आणली आणि आठ फ्लॅट सांध्यावरून, म्हणजे नेमके आठ फुटांवर, कापले. माडीच्या खिडकीची वरची चौकट कापलेल्या तुकड्यात राहिली, खाली नुसते दोन गज उरले. ज्याने ती खिडकी रंगवली होती तो मुलगा तुकडे मांडवामागे रचून ठेवत होता, एकावर एक, रंग आत करून.

मग वीज. एक हजार वॅटचे १२ हॅलोजन म्हणजे १२ किलोवॅट, ५० अँपिअरच्या वर. गावच्या तात्पुरत्या सिंगल फेज जोडणीवर ते चालणे शक्यच नव्हते. डिमर (दिव्यांचा उजेड कमी-जास्त करणारे यंत्र) दोनदा ट्रिप झाला, शेवटी चारच दिवे ठेवले, तेही पिवळे पडलेले.

साडेसातचा प्रयोग ८:३५ ला सुरू झाला. उघड्यावर रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक वापरता येत नाही. परवानगीच्या पत्रात ते स्पष्ट होते. दहाला माइक बंद केले. दुसरा अंक जवळजवळ पूर्ण बाकी होता आणि समोर सहाशेच्या आसपास माणसे. नटांनी तो उघड्या आवाजात केला. पुढच्या दहा रांगा हलल्या नाहीत, मागचे लोक हळूहळू उठले.

सुपारी ३०,०००. गाड्या १४,०००, प्रकाश-ध्वनी १६,०००, रंगभूषा ४,५००, लेखक २,०००, दुरुस्ती ३,२००. खर्च ३९,७००, तूट ९,७००. भरलेल्या मांडवात, ठरलेली पूर्ण रक्कम हातात येऊन तूट. नुकसान प्रेक्षक कमी असल्याने होते असे तोवर धरलेले होते. ते या प्रयोगाने खोटे ठरवले.

फेब्रुवारी ते मार्च: काय बदलले

फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्याअखेर बेळगावजवळच्या एका बसमधल्या भाषेच्या वादातून दोन्ही राज्यांमधली बससेवा थांबली, दोन्हीकडे बसगाड्यांना काळे फासले गेले. कर्नाटक पासिंगच्या दोन गाड्या भरून गडहिंग्लजला जायला गाडीमालक तयार होईना, आणि त्याचे चूक नव्हते. २३ चा प्रयोग गेला. गाडीची उचल ३,००० आणि छपाई २,५०० बुडाली. तिकडच्या सभागृहाने आगाऊ रक्कम परत केली.

यानंतरच्या बैठकीत प्रथमच प्रश्न उलटा विचारला गेला: एका छोट्या हत्तीत जेवढे मावेल तेवढ्यात हे नाटक होते का? यादी केली. सात फुटी दोन दारांच्या चौकटी, पायाशी वाळूच्या पिशव्या. मागे काळा पडदा. दोन बाकडी, एक लोखंडी ट्रंक, एक कंदील. जिना रद्द, माडीवरचे बोलणे विंगेतून. दिवे म्हणून आठ एलईडी पार, सगळे मिळून ५०० वॅटच्या आत, घरगुती जोडणीवरही चालणारे. रंगभूषा सभासदांनी स्वतः करायची. मांडवाची उंची, रुंदी आणि विजेची जोडणी आठ दिवस आधी दोघांनी जाऊन पाहायची. पोलीस ठाण्याचा अर्ज कन्नडमध्ये, सोबत नाटकाचा एक पानी कन्नड सारांश. त्यामुळे जानेवारीत दोन खेपांत मिळालेली परवानगी या वेळी एकाच खेपेत मिळाली.

मार्चच्या यात्रेतल्या प्रयोगाच्या वेळेवरून गावकऱ्यांशी घासाघीस झाली. धारा काढून, जेवून लोक नऊला येतात, हे त्यांचे म्हणणे. तडजोड अशी झाली की ७:४५ ला सुरुवात, मध्यंतर १५ ऐवजी १० मिनिटे (चहा-भजीवाल्यांसाठी ते ठेवावेच लागते) आणि नाटकातली २० मिनिटे कमी. पडदा ९:४५ ला पडला. शेवटपर्यंत कोणी उठले नाही. काळ्या पडद्यापुढे दोन चौकटी होत्या आणि वाटणीची भिंत कुठून जाणार हे नटाने खडूने जमिनीवर आखले तेव्हा पुढे बसलेल्या बायका माना उंचावून ती रेघ पाहत होत्या.

सुपारी तीच, ३०,०००. गाडी ४,०००, दिवे-ध्वनी ७,०००, रंगभूषेचे सामान २,०००, लेखक २,०००, किरकोळ १,५००. खर्च १६,५००, शिल्लक १३,५००.

२२ मार्चला कर्नाटक बंदची हाक होती, निपाणीचा प्रयोग गेला. त्यात एक रुपयाही बुडाला नाही, कारण छपाई केलेली नव्हती आणि गाडी आदल्या दिवशी सांगायची ठरलेली होती.

निष्पत्ती

उभारणीचा खर्च १,३१,००० (नेपथ्य ९६,०००, वेशभूषा १४,०००, तालमी २१,०००). प्रयोगांची आणि बुडालेल्या रकमांची वजाबाकी करून तूट १,८१,५६०. वर्गणी ३४,००० आणि देणग्या ६०,००० वजा जाता ८७,५६०. बँकेत उरले २२,४४०.

समितीच्या पहिल्या मसुद्यात अहवालाची सुरुवात ‘आपल्या हाताबाहेरच्या कारणांमुळे’ अशी होती. वार्षिक सभेत ते वाक्य काढायला लावले ते फाउंड्रीत काम करणाऱ्या सभासदाने. त्याचे म्हणणे साधे होते: आग, दुखवटा, बसचा वाद, बंद यांनी मिळून बुडवले २७,५००, एकट्या नेपथ्याला लागले ९६,०००.

वेगळे काय करता आले असते

ऑगस्टमध्ये नेपथ्य आठ फुटांवर आणले असते तर सांधा, दोन गाड्या आणि करवत तिन्ही टळले असते. शहरासाठी त्यावर दोन फुटांची वेगळी झालर बांधता आली असती. शुभारंभ ५ नोव्हेंबरऐवजी १६ किंवा १७ ला, शनिवार-रविवारी ठेवून ५ तारखेला गावातच अभिवाचन करता आले असते. शहरातला प्रयोग महिना आधी एका सुपारीच्या प्रयोगात घासूनपुसून घेतला असता तर वेळेचे आणि विजेचे प्रश्न तिथेच कळले असते.

पुढच्या वर्षासाठी ठरले ते असे: प्रत्येक तारखेला २१ दिवसांच्या आतली एक राखीव तारीख, तीही वेगळ्या ठिकाणची, सीमेपलीकडच्या प्रयोगाला तिकडचीच गाडी, आगाऊ रक्कम भाड्याच्या पाव हिश्श्याहून अधिक नाही, ११ पैकी निदान चार भूमिकांना पर्यायी कलाकार, कारण पाळी बदलली की तीन नट एकदम जातात. न कापलेल्या आठ फ्लॅटचा प्लाय काढून तीन फूट रुंद, सहा फूट उंच अशी बिजागरीची दुपाखी पाने करायला दिली आहेत.

एक बाब अजून मिटलेली नाही. मार्चमध्ये २० मिनिटे कापली ती लेखकाला न विचारता. परवानगी मूळ संहितेची होती. घाई होती, वेळेचे बंधन होते, पण एक फोन करायला कोणी अडवले नव्हते. कुठली वाक्ये गाळली ते लाल पेन्सिलीने दाखवलेली संहिता, माफीचे पत्र आणि लहान प्रयोगाची परवानगी मागणारा अर्ज सभेच्या दुसऱ्या दिवशी लेखकाकडे पाठवला. उत्तर येईपर्यंत दोन गावांच्या सुपाऱ्या तोंडीच ठेवल्या आहेत.